मनातलं गाऱ्हाणं

"बाबा, यंदा गाऱ्हाणं मनातल्या मनात घातलंत तर?" दूर्वांची जुडी बांधता बांधता नलिनीने विचारलं. मान काही वर केली नाही.

तिचे सासरे, काशीराम, पाटावर बसून नारळ सोलत होते. त्यांचा हात थांबला.

"मनात? आणि मगे 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो? गणपतीचो उंदीर?"

खिडकीत दाढी करणारा चंद्रप्रकाश हसला. मग बायकोचा चेहरा पाहून पुन्हा आरशात बघू लागला.

"आमच्या मोठ्या बाई यायच्यात दर्शनाला," नलिनी म्हणाली. "माझी नोकरी कायम व्हायचीय अजून."

ती शाळेत मराठी शिकवायची. मागे एकदा शिक्षकांच्या खोलीत तिच्या तोंडून "कुठे ठेवलंय"च्या जागी "खय ठेवलंय" निघून गेलं होतं, तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे रत्नप्रभाबाई, हसून म्हणाल्या होत्या, "नलिनीताई, मुलं कानांनी शिकतात हं." तेवढंच. पण त्या दिवसापासून नलिनी प्रत्येक शब्द चाचपून तोंडाबाहेर काढी.

घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या दोन खोल्यांत दर चतुर्थीला आरती झाली की काशीराम पुढे होत आणि देवाला गाऱ्हाणं घालत, म्हणजे घरादारासाठी मोठ्याने मागणं मागत. मालवणीत, थेट, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. एकेका मागण्यानंतर ते थांबत आणि मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होकार आल्याशिवाय पुढचं मागणं नाही. कुर्ल्याहून येणारे लवूकाका तर असे गरजत, की वरच्या मजल्यावरच्या मीराबेन पोरांना हाक मारत, "चालो, प्रसाद थई गयो!" यंदा लवूकाकांना नलिनीने संध्याकाळी या म्हणून कळवलं होतं.

काशीरामांनी नारळाची शेंडी तेवढी ठेवून बाकीचा काथ्या झाडला.

"बरा. हळूच घालतंय. देव काय बहिरो नाय," ते म्हणाले. "तू रडा नको गो, नलू."

ती रडत नव्हती. तरी तिने पदर डोळ्यांना लावला.

तिने इस्त्री करून दिलेला सदरा त्यांनी निमूट अंगात घातला. वरचं बटण मात्र उघडंच ठेवलं. गिरणीत असताना साहेबापुढे जायचं झालं की ते वरचं बटण लावत आणि धुतलेली मराठी बोलत. 'आपण', 'कृपया', सगळं. घरी आले की आधी ते बटण सुटे आणि मग जीभ. "गळ्याक फास बसता," म्हणत. लग्न होऊन आल्यापासून नलिनीने त्यांच्या तोंडून घरात ती मराठी कधी ऐकली नव्हती.

रत्नप्रभाबाई वेळेवर आल्या. मखराचं कौतुक केलं, मूर्तीचं केलं. आरती झाली. त्या हात जोडून दाराशी उभ्या राहिल्या. नलिनी कापराचं तबक घेऊन सासऱ्यांच्या शेजारी होती, म्हणून त्यांचं पुटपुटणं तेवढं तिला ऐकू येत होतं.

"बा म्हाराजा, पोरांनी जी काय सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

ते थांबले. वर पंखा फिरत होता. चंद्रप्रकाश आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत होता.

"गावच्या घराक कुलूप आसा. थयसर नजर ठेव रे म्हाराजा."

पुन्हा थांबले. बाईंनी मनगटावरचं घड्याळ किंचित फिरवलं.

"ही माझी नलू. सून म्हणान इली, लेक झाली. तिची नोकरी कायम कर रे म्हाराजा."

या वेळी ते फार थांबले. मान वळवली नाही, पण कान मागे लावलेला तिला दिसत होता. कणकवलीच्या माहेरी बोलायला शिकली तेव्हापासून हा होकार नलिनीने कधी चुकवला नव्हता. आत्ताही तो गळ्यापर्यंत आला. दोनच शब्द, आणि तेही तिच्यासाठीच मागितलेल्या मागण्याचे. तिने ओठ घट्ट मिटले आणि विझत चाललेल्या कापराकडे बघत राहिली.

"व्हय म्हाराजा," काशीराम स्वतःच म्हणाले.

हे मात्र हळू नव्हतं. मागणाऱ्याने आपलाच होकार भरलेला नलिनीने आजवर कुठे ऐकला नव्हता.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, बाई," नलिनी चटकन म्हणाली. "वय झालंय. बोलतात असं स्वतःशीच."

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "असू दे. आमच्याकडेही होते ना सासरे. पण किती शांतपणे झालं हो सगळं तुमच्याकडे."

काशीरामांनी देवापुढचा नारळ सरळ केला. वाकून नमस्कार केला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर नलिनीला बरं वाटलं असतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपण बाईंना प्रसाद द्या. त्यांना उशीर होत असेल."

आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.