दहा मिनिटांची देवयानी

"दहा मिनिटं?" दातवाल्याने कपाळाला हात लावला. "अरे, देवयानी आकाशगंगेचा मधला भाग पार जळालाय. शहराच्या उजेडाने आभाळ राखाडी झालंय. हा फोटो तू काढलास?"

अंदाजपंताने संगणकाचा पडदा बंद केला. हे नाव त्याला आकाशवेड्या मित्रांनीच दिलं होतं, आणि दातांचा दवाखाना चालवणारा हा मित्र त्यांतला सगळ्यात तोंडाळ. पंत रुग्णालयात एक्स-रे काढायचा. माणूस दारातून आत आला, की त्याच्या अंगलटीवरून यंत्राचा आकडा ठरवून मोकळा. तोच हात आभाळावरही बसला होता. एक चाचणी फोटो काढायचा आणि सांगायचा, आज कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवायचा, त्यापुढे नको. त्यापुढे तारे नाही, रस्त्यावरचे दिवे गोळा होतात. दोन-दोन मिनिटांचे ढीगभर फोटो घ्या आणि एकावर एक रचा. त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

"कॅमेरा ठीक आहे, तुझंच काहीतरी बिघडलंय," असं म्हणून दातवाला चपला घालून निघून गेला.

बिघडले होते ते बायकोचे डोळे. शिवणकाम करणारी बाई, तिला सुईत दोरा ओवता येईना म्हणून तपासणी केली. डोळ्यांचा पडदाच झिजत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतं. जे दाखवायचं ते आताच दाखवून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ते ऐकताना पंताला आपली गच्ची आठवली. लग्नापासून ती त्याचा स्वेटर घेऊन वर यायची आणि विचारायची, झालं का, बघू का? तो म्हणायचा, पाय वाजवू नकोस, दुर्बीण हलेल. अजून मनासारखा जमलेला नाही, जमला की पहिला तुलाच दाखवीन. ती हसून खाली जायची. मनासारखा फोटो काही जमला नाही, आणि तिला दाखवायचा राहिला तो राहिलाच. कसला मेला शिष्टपणा, असं आता त्याला वाटायचं.

मग त्याने तिला सकाळी पडद्यापुढे बसवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन मिनिटांचाच फोटो होता. मध्ये उजेडाचा गोळा आहे, कडेने धूर पसरलाय, खाली एक छोटी सोबतीण आकाशगंगा आहे, असं त्याने शेजारी बसून समजावलं. तिने मान वाकडी करून पाहिलं.

"जरा अंधुक आहे हो," ती म्हणाली.

संगणकावर नुसता उजेड वाढवला, तर फोटोभर वाळूसारखे ठिपके उठत. म्हणून त्याने वेळच वाढवला. चार मिनिटांना ती म्हणाली, आता बरं आहे. सहाला म्हणाली, आता पुष्कळ बरं. त्याचा हात नको नको म्हणत होता, पण तिला दिसत होतं ना! मित्रांत हसं झालं तर झालं. असं करत तो दहावर आला.

वेळ बदलला की एक जादा काम असे. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके वजा करायला तेवढ्याच मिनिटांचा एक फोटो झाकण लावून काढायचा. तो काळाकुट्ट निघतो, दुसरं काय निघणार? दातवाला गेल्यावर पंताने तेही उरकून टाकलं.

सकाळी ती टेबलाची कड चाचपत खुर्चीवर बसली. पंताने यादीतल्या शेवटच्या फोटोवर बटण दाबलं, तेवढ्यात चहा उतू जायला लागला. तो तसाच स्वयंपाकघरात पळाला.

"अहो," मागून तिचा आवाज आला, "आज अगदी स्वच्छ दिसतंय. मधला गोळा, कडेचा धूर, खालची ती सोबतीण. सगळं दिसलं मला. आता पुरे करा हं. रात्री खाली झोपायला येत जा."

पंताला भरून आलं. उशिरा का होईना, दाखवलं एकदाचं. डोळे पुसून, दोन्ही कप घेऊन तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

पडद्यावर झाकण लावून काढलेला फोटो होता.