जांभळा कुठवर आला

या महिन्यात परत आलेला हा तिसरा कपडा. गर्द जांभळ्या कोटाला काळ्या दोऱ्याने रफू. गिऱ्हाईक जाता जाता म्हणालं, "काका, आता पुरे करा." रफूगाराचा सगळा राग खिडकीत टांगलेल्या लोलकावर निघाला.

"आधी ती काच काढ!" तो मुलीवर खेकसला. "टेबलभर रंग सांडतात. त्यात दोऱ्याचा रंग कसा ओळखायचा माणसाने?"

लोलक त्याच्या बायकोने आणला होता, पाच वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी फुटक्या झुंबरातला. अकराच्या सुमाराला ऊन त्यातून आत शिरायचं आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सात रंगांचा पट्टा पडायचा. पट्टा पडला की ती हातातलं काम टाकून यायची.

"अहो, जांभळा कुठवर आलाय?"

तो सुई थांबवायचा, पट्ट्यावर बोट टेकवायचा. "हा इथवर. झालं समाधान? रोज उठून तेच काय विचारतेस?"

दोऱ्यांच्या डब्यालाही ती हात लावू द्यायची नाही. रीळ स्वतः शोधायची. "तुम्ही हात घातलात की गुंता होतो." चाळीस वर्षं रफू करणाऱ्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! तीन महिन्यांपूर्वी ती गेली. डबा त्याच्या ताब्यात आला. लोलक मात्र त्याच्याने उतरवला गेला नव्हता.

मुलगी स्टुलावर चढली. "काढते. पण बाबा, काय सुरेख पट्टा पडलाय. जांभळा तर पार कात्रीपर्यंत गेलाय."

"डोळे फुटलेत का तुझे? कात्री कुठे, जांभळा कुठे! हा बघ, इथे संपतो." त्याने बोट टेकवलं.

मुलगी खाली उतरली. तिने आपलं बोट कात्रीला लागून ठेवलं. दोघांच्या बोटांमध्ये चांगलं दोन इंच अंतर होतं. तेवढ्या जागेत त्याला नुसतं पांढरं कापड दिसत होतं.

त्याने त्या पांढऱ्या जागेवरून आपलं बोट कात्रीपर्यंत नेलं.

विचारताना बायको पट्ट्याकडे कधी बघायचीच नाही. त्याच्या बोटाकडे बघायची. आणि मग डब्यातून नेमक्या रंगाचा दोरा काढून सुईत ओवून द्यायची.