घरच्या घरी कॉम्प्रेसर

बायकोला, विद्याश्रीला, माहेरी कुरुंदवाडला गारेगार नेणार, असा शब्द देऊन शशिधर भर मे महिन्यात दारातच गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलायला बसला. बॉनेट उघडं दिसल्यावर गल्ली थोडीच पुढं सरकते! जाणारा-येणारा थांबून सल्ला देई आणि विद्याश्रीच्या हातचा चहा पिऊन तिथंच रेंगाळे. अखेर कॉम्प्रेसर बसला, गॅस भरला, एसी सुरू झाला. ग्रीसनं माखलेलं तोंड धुऊन, नवा शर्ट घालून शशिधर बायकोसह बाहेर आला, तर गाडी गच्च भरलेली. त्यानं काच वाजवली. ती दोन बोटं खाली आली आणि आतून एक अनोळखी गडी डाफरला,

"जागा न्हाय, पावणं! लांब व्हा की, गारवा जातोय. मालक तोंड धुवायला गेल्यात, आलं की कुरुंदवाडला निघायचं हाय."