विम्याशिवाय

“बाजार तिसऱ्यांदा टेकला तिथे,” धाकटा साडू पडद्यावरच्या आडव्या रेघेकडे बघत म्हणाला. “तुटणार नाही ना?”

पडद्याच्या माथ्यावर हळदीसारखी पिवळी पट्टी, खाली आकड्यांची पळापळ. थोरल्या साडूने चष्मा कपाळावर चढवला. शिकवताना तो तसंच करायचा. रुबाब वाढतो म्हणे.

“अरे, तीनदा टेकून वर आला म्हणजे आधार पक्का. याच्या खालचे पुट विकायचे, म्हणजे बाजार त्याखाली पडला तर भरपाई द्यायची हमी विकायची. बाजार रेघेच्या वर राहिला की प्रीमियम आपला.”

“आणि खाली गेला तर?”

“तर खड्डा आपणच भरायचा. म्हणून भित्री माणसं आणखी खालचा पुट विकत घेऊन ठेवतात. तो विमा. नुकसानीला तळ लागतो.”

धाकट्याने मान डोलावली, जणू जन्मात पहिल्यांदाच ऐकतोय. दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून थोरल्याने त्याला सांगितलं होतं, ‘विमा कशाला? छाती लागते.’ धाकट्याने ऐकलं, रेघ तुटली आणि त्याचा छापखाना विकला गेला. थोरल्याने मात्र त्याच सकाळी स्वतःचा विमा गुपचूप घेऊन ठेवला होता. तेव्हापासून घरात चार माणसं जेवायला बसली की हा किस्सा लोणच्यासारखा वाढला जायचा.

“मग आज तुम्ही काय करणार?” धाकट्याने भोळेपणाने विचारलं. “विमा, की छाती?”

स्वयंपाकघरात थोरल्याची बायको फिसकन हसली. थोरल्याच्या मिशा फुरफुरल्या.

“आज विम्याशिवाय. बघच तू.”

धाकट्याला एवढंच हवं होतं.

बेल वाजली.

“तुमची मेहुणी आली वाटतं,” धाकटा म्हणाला. “दार मी उघडलं तर म्हणेल, भावजींचे पाय जड झाले का?”

थोरला हसत उठला. दारातच मेहुणीने त्याला धरलं. वाढलेल्या पोटावरून, रंगवलेल्या केसांवरून टोमणे मारत बराच वेळ आत येऊ दिलं नाही.

तो परतला तेव्हा धाकटा रुमालाने टेबल पुसत होता.

“काही चाळवलं नाहीस ना?”

“चहा सांडला, तो पुसला.”

चष्मा कपाळावरच ठेवून थोरल्याने सवयीने पटापट बटणं दाबली. पुट विकले. हात सैल सोडून विकले.

जेवणं झाली आणि रेघ तुटली. नुसती तुटली नाही, बाजार खाली कोसळतच गेला. आकडे लालेलाल झाले. धाकटा थोरल्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

थोरला पोट धरून हसायला लागला.

“ये गं, बघ याचं ध्यान,” त्याने बायकोला हाक मारली. “याला वाटलं, मी बुडालो. अरे वेड्या, हे सरावाचं खातं. पैसे खोटे. विम्याशिवाय खरे लावायला मी काय तुझ्यासारखा आहे?”

धाकट्याने तोंड पाडलं. “म्हणजे हे सगळं खोटं?”

“सरावाच्या खात्याला वर पिवळी पट्टी असते. डोळे फुटले का तुझे?” थोरल्याने चष्मा नाकावर ओढला आणि पट्टी दाखवायला बोट पुढे केलं.

बोट पडद्याच्या माथ्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. तिथे सगळं पांढरं होतं.

“चपला घाल गं,” धाकटा बायकोला म्हणाला. “साडूभाऊंना आता छाती लागेल.”