पडद्यावरचा अर्धा वर्ग

कॉलेजात हल्ली अर्धी मुलं बाकांवर असत आणि अर्धी घरून, पडद्यावर. बाकांवरची निदान जांभया तरी देत. पडद्यावरची तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. मॅडम रोज लॅपटॉपमध्ये डोकावून विचारत, "माझा आवाज येतोय ना?" काळ्या चौकटी ढिम्म. मग मॅडम स्वतःच निकाल देत, "कुणी काही बोलत नाही, म्हणजे ऐकू येतंय असं धरते," आणि शिकवणं पुढे चालू. बाकांवर हशा पिकायचा.

आज तास संपवून मॅडम तडक हॉस्पिटलमध्ये गेल्या. रोज संध्याकाळी "आज काय शिकवलंस गं?" म्हणून विचारणारे अण्णा परवापासून शुद्धीवर नव्हते.

"त्यांना आता काही कळत नाही," नर्स हळूच म्हणाली.

मॅडमनी स्टूल पलंगाशी ओढलं आणि वडिलांच्या कानाशी वाकून विचारलं, "अण्णा, माझा आवाज येतोय ना?"

बराच वेळ त्यांनी वाट पाहिली.

"तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे ऐकू येतंय असं धरते," त्या म्हणाल्या, आणि सकाळचा तास पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लागल्या.