रॉकला देवीचा कौल

साल सदुसष्ट. खांद्यापर्यंत केस वाढवून, गळ्यात गिटार अडकवून मुंबईहून आलेल्या सहदेवाला गावच्या जत्रेत रॉक अँड रोल वाजवायचं होतं.

तात्या मानकरी कडाडले, “मेल्या, आधी देवीक ऐकव! उजवी पाकळी पडली तर वाजय. डावी पडली तर केस भादरतलंव आणि गिटार दर्यात!”

गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. सहदेवाने डोळे मिटून अशी तार छेडली की वटवाघळं उलटं लटकायचं विसरली, घंटा आपसूक घणघणल्या, आणि टपकन उजवी पाकळी पडली! पोरांनी देऊळ डोक्यावर घेतलं.

“देवीन कौल दिल्यान!” गुरव ओरडला. “तात्यानू, आता तरी ठेक्यार पाय आपटूचे थांबवा, नायतर डावीय पडतली!”