दृष्टीचं श्रेय

मंचावर मंत्र्यांनी ईश्वरीला उचलून मांडीवर घेतलं, तसे सगळे कॅमेरे पुढे सरसावले. जिला जन्मापासून काहीच दिसत नव्हतं, ती सात वर्षांची मुलगी आता त्यांच्या जाकिटाची बटणं निरखत होती.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. शरयू बोरवणकर मात्र शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. विषाणूची नांगी ठेचायची, त्याच्या पोटात चांगलं जनुक घालायचं आणि त्याच्याकरवी ते डोळ्यात पोहोचवायचं, यातच त्यांची हयात गेली होती. ‘विषाणूचं औषध? लोक जोड्यानं मारतील आपल्याला,’ म्हणत संस्थेच्या संचालकांनी त्यांचा प्रस्ताव कितीदा तरी परत पाठवला होता. आज तेच संचालक माईकवरून सांगत होते, “हे स्वप्न मी पाहिलं आणि साहेबांनी पूर्ण केलं!”

टाळ्या थांबल्यावर त्यांनी माईक ईश्वरीपुढे धरला. “सांग बाळ, तुला दृष्टी कोणी दिली?”

“विषाणूनं!” ईश्वरी खणखणीत आवाजात म्हणाली. “शरयूमावशीनं माझ्या डोळ्यात सोडलाय तो.”

मंत्र्यांनी तिला झटकन खाली उतरवलं, नाकाला रुमाल लावला आणि तातडीची बैठक आठवून ते चालू पडले.

“साहेब, तो अगदी गरीब विषाणू आहे हो!” म्हणत संचालक त्यांच्यामागे धावले. त्यांनी विषाणूची बाजू घेतलेली शरयूताई आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या. हसू आवरत त्या मंचावर गेल्या.

“मी चुकले का गं मावशी?”

“छे! तूच तर बरोबर सांगितलंस,” म्हणत त्यांनी ईश्वरीला मंत्र्यांच्या खुर्चीत बसवलं आणि काजूची बशी तिच्यापुढे सरकवली.